विकर समतोल बदलत नाहीत, तर पेशीतील अभिक्रियेची दिशा कोण ठरवते?

प्रश्न : जीवाध्यापिका

नमस्कार. मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. विकरांचा (एन्झाइमांचा) पाठ शिकवताना दरवर्षी मी फळ्यावर एक वाक्य लिहिते : "विकर अभिक्रियेचा वेग वाढवतात, परंतु तिचा समतोल बदलत नाहीत." मुले ते वहीत उतरवून घेतात आणि परीक्षेत जसेच्या तसे लिहून गुणही मिळवतात. या वर्षी मात्र तास संपत आला असताना एका विद्यार्थिनीने हात वर केला. तिचे म्हणणे असे की, तांबड्या रक्तपेशींमधला कार्बनिक अनहायड्रेज हा विकर ऊतींमध्ये कार्बन डायऑक्साइडपासून बायकार्बोनेट तयार करतो आणि तोच विकर फुप्फुसांत पोहोचल्यावर बायकार्बोनेटपासून कार्बन डायऑक्साइड मोकळा करतो; मग आपण कोठे आहोत आणि आता कोणते काम करायचे आहे, हे त्याला कळते तरी कसे? मी "शरीराच्या गरजेनुसार" असे काहीतरी सांगून वेळ मारून नेली. ते उत्तर नव्हे, हे तिलाही कळले आणि मलाही.

घरी येऊन पुस्तके उघडली, तर गोंधळ वाढलाच. विकर समतोल का बदलू शकत नाही, याचे कारण मला कोठेच सापडले नाही; नियम सांगून लेखक पुढे सरकतात. शिवाय ग्लायकोलिसिसमधील (ग्लुकोज टप्प्याटप्प्याने तोडणाऱ्या मार्गातील) अल्डोलेज या विकराच्या पायरीसाठी प्रमाण मुक्त ऊर्जेतील बदल +२३.८ किलोजूल प्रति मोल असा दिलेला आहे. चिन्ह धन असेल तर अभिक्रिया आपोआप पुढे जात नाही असे आपण शिकवतो, आणि विकर तर समतोलाला हात लावत नाही. तरीही ही पायरी पेशीत अहोरात्र पुढे जात असते. आणखी एक गोष्ट खटकली. "समतोल म्हणजे पेशीचा मृत्यू" असे ज्या पुस्तकात लिहिले आहे, त्याच पुस्तकात चार पाने पुढे "ग्लायकोलिसिसच्या बहुतेक पायऱ्या समतोलाच्या जवळ असतात" असेही वाक्य आहे. ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी कशी असू शकतील?

गणिताचे मला वावडे नाही, पण नुसते सूत्र देऊन थांबू नये, ही विनंती.

प्रतिसाद १ : जुना रसायनवाला

आपल्या पहिल्या शंकेपुरते लिहितो, कारण पेशींविषयी माझ्याहून जाणकार मंडळी येथे आहेत.

विद्यार्थिदशेत आम्हांला पोलारीमीटरवर, म्हणजे द्रावण ध्रुवित प्रकाशाला किती अंश वळवते (घूर्णन) ते मोजणाऱ्या उपकरणावर, ग्लुकोजचा एक प्रयोग करावा लागे. ग्लुकोजच्या वलयाचे अल्फा आणि बीटा असे दोन प्रकार असतात आणि पाण्यात ते एकमेकांत बदलत राहतात. शुद्ध अल्फा ग्लुकोज नुकतेच विरघळवले, तर त्याचे विशिष्ट घूर्णन +११२ अंशांच्या आसपास मिळते. शुद्ध बीटा घेतले, तर ते +१९ अंशांच्या जवळ असते. आमच्या गटाकडे अल्फा होते, शेजारच्या गटाकडे बीटा. दर पाच मिनिटांनी डोळा लावायचा, वर्तुळाचे दोन्ही अर्धे सारखे उजळ दिसेपर्यंत चकती फिरवायची आणि आकडा लिहायचा. आमचा आकडा उतरत होता, त्यांचा चढत होता. सुरुवातीला भराभर, नंतर रेंगाळत. दुपार सरता सरता दोन्ही गटांचे हिशेब +५२.७ अंशांपाशी येऊन थांबले. याचा अर्थ द्रावणात सुमारे ३६ टक्के अल्फा आणि ६४ टक्के बीटा उरले होते, मग सुरुवात कोणत्याही टोकापासून झालेली असो. रेणूंची ये-जा तेव्हाही चालूच होती, फक्त जाणारे आणि येणारे सारखे झाले होते.

हेच काम करणारा म्युटारोटेज नावाचा विकर सजीवांत असतो. तो द्रावणात घातला, तर आकडा त्याच ५२.७ वर येतो, पण कितीतरी लवकर. अल्फाच्या नळीत घाला किंवा बीटाच्या, मुक्काम तोच.

आता तो मुक्काम बदलू का शकत नाही, ते पाहू. डायनायट्रोजन टेट्रॉक्साइड या वायूच्या एका रेणूपासून नायट्रोजन डायऑक्साइडचे दोन रेणू होतात आणि उलटही घडते. हे मिश्रण दट्ट्या बसवलेल्या नळकांड्यात, स्थिर तापमानाला, समतोलात आहे असे समजा. समजा, एखादा उत्प्रेरक आत सोडताच समतोल दोन रेणूंच्या बाजूला सरकतो. रेणूंची संख्या वाढली की वायू प्रसरण पावेल आणि दट्ट्या वर उचलेल. त्यावर वजन ठेवले तर तेही उचलले जाईल. मग वजन काढून घ्या आणि उत्प्रेरकही बाहेर काढा. समतोल मूळ जागी येईल, दट्ट्या खाली बसेल आणि आपण पुन्हा सुरुवातीला येऊ. उत्प्रेरक खर्च होत नाही, म्हणून ही उठाठेव कितीही वेळा करता येईल आणि दर फेरीत एक वजन वर चढेल, तेही इंधनाचा कणही न जाळता, केवळ भोवतालच्या उष्णतेवर. उष्मागतिकीचा दुसरा नियम नेमके हेच नाकारतो. विकर हा उत्प्रेरकच असल्यामुळे त्यालाही यातून सूट नाही.

एक आगाऊ सूचना करतो. पुस्तकातील सक्रियण ऊर्जेची टेकडी आपण नेहमी डावीकडून उजवीकडे वाचतो. मुलांना ती एकदा उजवीकडून डावीकडे वाचायला लावा. विकराने टेकडीचा माथा खाली आणला, तर तो दोन्ही बाजूंनी येणाऱ्यांसाठी तितकाच खाली आला. पायथ्याच्या दोन गावांच्या उंचीतला फरक जसाच्या तसा राहिला. समतोल त्या फरकावर ठरतो आणि वेग माथ्यावर.

प्रतिसाद २ : प्रयोगशाळेतून

वरील प्रतिसादाला जोडून. विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे थेट उत्तर असे आहे की, विकराला काहीही कळत नाही आणि कळण्याची गरजही नाही. दिशा ठरते ती त्या क्षणी, त्या ठिकाणी असलेल्या उत्पादितांच्या आणि अभिकारकांच्या संहतींच्या (द्रावणातील दाटपणाच्या) गुणोत्तरावरून. हे गुणोत्तर समतोल स्थिरांकापेक्षा कमी असेल तर अभिक्रिया पुढे जाते, जास्त असेल तर मागे येते. विकर फक्त तिकडे लवकर पोहोचवतो.

रक्ताचेच घ्या. विश्रांतीच्या स्थितीत ऊतींतून निघालेल्या रक्तात कार्बन डायऑक्साइडचा आंशिक दाब पाऱ्याच्या सुमारे ४६ मिलिमीटर असतो, तर फुप्फुसांच्या वायुकोशांत तो सुमारे ४० मिलिमीटर असतो. ऊतींमध्ये कार्बन डायऑक्साइडची भर पडत राहते, म्हणून तो पाण्याशी संयोग पावून बायकार्बोनेट आणि हायड्रोजन आयन तयार होतात. फुप्फुसांत तो वायुकोशात निसटून जातो, आणि शिवाय ऑक्सिजन धरताना हिमोग्लोबिन हायड्रोजन आयन सोडते; या दोन्ही कारणांनी तीच अभिक्रिया उलट फिरते. दाबातील फरक जेमतेम ६ मिलिमीटरचा आहे, पण दिशा बदलायला तो पुरतो.

मग विकर हवाच कशाला? वेळेसाठी. विश्रांतीत रक्त फुप्फुसाच्या केशवाहिनीत सुमारे पाऊण सेकंद असते, आणि जोराच्या व्यायामात त्याहूनही बरेच कमी. विकराविना, शरीराच्या तापमानालाही, कार्बन डायऑक्साइडचे जलसंयोजन निम्मे व्हायला काही सेकंद लागतात. म्हणजे रक्त फुप्फुसातून बाहेर पडले तरी अभिक्रिया अर्धवटच राहिली असती. रक्तात असा काही उत्प्रेरक असलाच पाहिजे हा निष्कर्ष आधी याच हिशेबातून निघाला आणि १९३३ साली विकर प्रत्यक्ष हाती आला, ही गोष्ट मला वर्गात सांगायला फार आवडते. कार्बनिक अनहायड्रेजचे सर्वांत वेगवान प्रकार दर सेकंदाला, दर विकर-रेणूमागे, सुमारे १० लाख रेणू हाताळतात.

आता अल्डोलेज. +२३.८ या आकड्यातला "प्रमाण" हा शब्द मुले गिळून टाकतात, आणि खरे सांगायचे तर पुष्कळ पुस्तकेही गिळतात. हा आकडा प्रत्येक पदार्थाची संहती १ मोल प्रति लिटर असताना काय होईल ते सांगतो. अल्डोलेज ज्याचे तुकडे करतो ते फ्रुक्टोज बिसफॉस्फेट कोणत्याही पेशीत इतके दाट कधीच नसते. त्यातच या पायरीत एका रेणूचे दोन रेणू होतात, आणि अशा अभिक्रियेला विरळपणा मानवतो. कारण परत जुळण्यासाठी दोन तुकड्यांची गाठ पडावी लागते आणि द्रावण विरळ असेल तर ती क्वचित पडते.

हे फळ्यावर करून दाखवता येते. +२३.८ वरून समतोल स्थिरांक सुमारे ०.०००१ मोल प्रति लिटर येतो. प्रथम फ्रुक्टोज बिसफॉस्फेट १ मोल प्रति लिटर घेऊन सुरुवात करा. त्यातला 'क्ष' इतका भाग फुटला, तर 'क्ष'चा वर्ग भागिले '१ वजा क्ष' बरोबर ०.०००१, म्हणून 'क्ष' जवळजवळ ०.०१. म्हणजे जेमतेम १ टक्का रेणू फुटले आणि अभिक्रिया थांबली. आता तेच द्रावण दहा हजार पट विरळ करून ०.०००१ मोल प्रति लिटरपासून सुरुवात करा. वर्गसमीकरण सोडवल्यावर फुटलेला भाग ६२ टक्के येतो. (भूमितीतले सुवर्ण गुणोत्तर येथे अचानक डोके वर काढते, गणिताच्या सहकाऱ्यांना जरूर दाखवा.) स्थिरांक तोच, तापमान तेच, विकर तोच किंवा नसलाच तरी चालेल. केवळ विरळपणामुळे "न होणारी" अभिक्रिया निम्म्याहून अधिक झाली. माणसाच्या तांबड्या पेशीत या तिन्ही रेणूंच्या संहती याच विरळ टोकाला आहेत, आणि पुढच्या पायऱ्या तयार झालेले तुकडे सतत उचलून नेत असतात. त्यामुळे प्रत्यक्ष पेशीतला मुक्त ऊर्जेतील बदल +२३.८ नसून शून्याच्या किंचित खाली असतो.

जीवाध्यापिका

दोघांचेही मनापासून आभार. विरळ द्रावणाचे गणित मी स्वतः सोडवून पाहिले आणि ६२ टक्के आल्यावर खरोखर आनंद झाला.

पण यातून एक नवी अडचण उभी राहिली. संहती बदलल्या की तोच विकर उलट काम करतो, असे असेल, तर ग्लुकोज तोडताना फॉस्फोफ्रुक्टोकायनेज आणि ग्लुकोज बनवताना त्याच जागी फ्रुक्टोज-१,६-बिसफॉस्फेटेज, असे दोन वेगळे विकर निसर्गाने कशासाठी ठेवले? एकाने दोन्ही कामे का केली नाहीत? आणि "समतोलाच्या जवळ" विरुद्ध "मृत्यू" हा प्रश्न अजून तसाच आहे.

प्रतिसाद ३ : काठावरचा रेणू

ताई, या दोन्ही प्रश्नांचे मूळ एकच आहे, म्हणून एकत्र उत्तर देतो. त्याआधी एक शब्द दुरुस्त करायला हवा. "विकर दोन्ही दिशांचा वेग सारखा वाढवतो" असे आपण म्हणतो, तेव्हा मुलांना दोन्ही वेग सारखे होतात असे वाटते. वाढ सारख्या पटीने होते, एवढाच त्याचा अर्थ. पुढचा वेग एक कोटी पट झाला तर मागचाही एक कोटी पट होतो. त्या दोहोंतले गुणोत्तर विकर येण्यापूर्वी होते तेच राहते, आणि ते मुक्त ऊर्जेतील बदलावर अवलंबून असते.

हे गुणोत्तर शरीराच्या तापमानाला काढून पाहा. प्रत्यक्ष पेशीत एखाद्या पायरीचा मुक्त ऊर्जेतील बदल –१ किलोजूल प्रति मोल असेल, तर पुढे जाणाऱ्या आणि मागे येणाऱ्या रेणूंचे प्रमाण साधारण ३ ला २ पडते. तेथला विकर ५ रेणू हाताळतो, तेव्हा एक रेणू पुढे सरकतो. बाकीची मेहनत ये-जा करण्यात जाते. –५.९ असेल, तर प्रमाण १० ला १ होते. फॉस्फोफ्रुक्टोकायनेजच्या पायरीचा आकडा –२२ च्या आसपास दिला जातो. तेथे सुमारे ५००० रेणू पुढे गेल्यावर एखादा मागे येतो.

"समतोलाच्या जवळ" आणि "समतोलात" यांतला फरक येथे स्पष्ट दिसतो. ३ ला २ या प्रमाणातही प्रवाह आहे. १ ला १ झाले की रेणूंची धावपळ तितकीच राहते, पण पेशीच्या पदरात काही पडत नाही. समतोलाजवळच्या पायऱ्या सरळ रेषेत जोडलेल्या असतात, एका टोकाला ग्लुकोज येत राहते आणि दुसऱ्या टोकाचे उत्पादित उचलले जाते. म्हणून मधली प्रत्येक पायरी किंचित पुढे झुकलेली राहते. येणे आणि जाणे दोन्ही थांबले, तर सगळ्याच पायऱ्या १ ला १ वर येऊन बसतील. त्या अवस्थेला पुस्तक मृत्यू म्हणते. "मृत्यू" हा शब्द मला थोडा नाटकी वाटतो, पण चुकीचा नाही. एटीपी या पेशीच्या ऊर्जावाहक रेणूचेच पाहा. समतोलात एटीपी जवळजवळ पूर्णपणे एडीपी आणि फॉस्फेटमध्ये मोडलेले असते. जिवंत पेशीत मात्र ते एडीपीपेक्षा बरेच जास्त राखलेले असते. म्हणूनच त्याच्या जलअपघटनाची मुक्त ऊर्जा प्रमाण स्थितीतल्या –३०.५ ऐवजी पेशीत –५० च्या आसपास जाते. एटीपीच्या बंधांत काही अद्भुत शक्ती कोंडलेली असते असे जे शिकवले जाते, ते कृपया शिकवू नका. शक्ती आहे ती समतोलापासून राखलेल्या अंतरात.

आता दोन विकरांचा प्रश्न. समतोलाजवळच्या पायरीत संहती जरा बदलल्या की ३ ला २ चे २ ला ३ होते आणि तोच विकर उलट दिशेने उपयोगी पडतो. अल्डोलेज खरोखरच दोन्ही मार्गांवर काम करतो. परंतु ५००० ला १ असलेली पायरी उलटवायची, तर एटीपी आणि एडीपी यांचे गुणोत्तर हजारो पटींनी फिरवावे लागेल, आणि ते फिरवले तर पेशीतली बाकीची सगळी कामे बंद पडतील. म्हणून तेथे उलटा विकर नाही, तर वेगळी अभिक्रिया आहे. फॉस्फोफ्रुक्टोकायनेज एटीपी खर्च करून फॉस्फेट जोडतो. बिसफॉस्फेटेज पाण्याच्या साहाय्याने ते तोडतो आणि एटीपी परत देत नाही. दोन्ही अभिक्रिया आपापल्या दिशेने उतारावरच आहेत. एटीपीच्या जोडणीमुळे विकराने समतोल बदलला, असे काहींना वाटते. तसे नसते. ग्लुकोजला नुसते फॉस्फेट जोडणे ही +१३.८ ची अभिक्रिया आहे आणि एटीपीकडून फॉस्फेट घेऊन जोडणे ही –१६.७ ची दुसरी अभिक्रिया आहे. हेक्सोकायनेज हा विकर दुसरीला वाट देतो, पहिलीला देत नाही. शक्य असलेल्या असंख्य अभिक्रियांपैकी कोणत्या चालू द्यायच्या, ही निवड मात्र विकराच्या हातात आहे, आणि ती लहान गोष्ट नाही.

फॉस्फोफ्रुक्टोकायनेज आणि बिसफॉस्फेटेज हे दोन्ही विकर एकाच वेळी पूर्ण जोरात चालले, तर फॉस्फेट जोडणे आणि तोडणे चालू राहील आणि एटीपी नुसती उष्णता होऊन वाया जाईल. ते टाळण्यासाठी फ्रुक्टोज-२,६-बिसफॉस्फेट हा छोटा रेणू एकाला चालना देतो आणि त्याच वेळी दुसऱ्याला रोखतो. त्याचा शोध १९८० साली लागला.

प्रतिसाद ४ : शंकासुर

चर्चा उत्तम चालली आहे. दोन ठिकाणी मात्र अडखळलो.

"विकर दोन्ही दिशांना सारखाच" या विधानाला एक मर्यादा आहे. प्रयोगशाळेत विकराला एका बाजूच्या रेणूंनी संपृक्त करून कमाल वेग मोजला आणि मग दुसऱ्या बाजूने तेच केले, तर दोन कमाल वेगांत मोठी तफावत सापडू शकते. असे विकर एका दिशेला घडवलेले वाटतात, आणि काही अंशी ते खरेही आहे. पण त्याची किंमत दुसरीकडे चुकवावी लागते : कमाल वेग आणि मायकेलिस स्थिरांक (कमाल वेगाच्या निम्मा वेग ज्या संहतीला मिळतो ती) यांचा भागाकार दोन्ही दिशांसाठी काढला, तर त्या दोन भागाकारांचे गुणोत्तर समतोल स्थिरांकाइतकेच यावे लागते. हा संबंध हॉल्डेन यांनी १९३० साली मांडला. उत्क्रांतीने विकराचे कितीही लाड केले, तरी हे बंधन सुटत नाही.

शिवाय समतोल बदलत नाही ते द्रावणात मोकळ्या असलेल्या रेणूंबाबत. विकराला चिकटलेल्या रेणूंमध्ये अभिकारक किती आणि उत्पादित किती, हे प्रमाण वेगळे असू शकते. पेशीत काही विकरांची संख्या त्यांच्या रेणूंच्या तोडीची असते, त्यामुळे एकूण मोजणी करताना हा भाग डोळ्यांआड करून चालत नाही. कनिष्ठ महाविद्यालयात हे सांगण्याची गरज नाही, पण चौकस मुलीने विचारलेच, तर हाताशी असावे.

जीवाध्यापिका

तिने विचारलेच. आज वर्गात मी रक्ताचे उदाहरण आणि विरळ द्रावणाचे गणित दोन्ही घेतले. तिचा पुढचा प्रश्न असा : अल्डोलेजच्या पायरीला निदान एकाचे दोन होण्याचा लाभ आहे, मग सायट्रिक आम्ल चक्रातील मॅलेटपासून ऑक्झॅलोॲसिटेट होण्याच्या पायरीचे काय? तेथे रेणूंची संख्या वाढत नाही आणि आकडा +२९.७ आहे.

प्रतिसाद २ पुढे : प्रयोगशाळेतून

विद्यार्थिनीला माझ्याकडून शाबासकी द्यावी. तेथे विरळपणा उपयोगी पडत नाही. पुढची पायरी ओढून नेते, तोच मुख्य आधार. सायट्रेट तयार होण्याच्या पायरीचा आकडा –३२ च्या जवळ आहे, त्यामुळे तेथला विकर तयार झालेले ऑक्झॅलोॲसिटेट जवळजवळ लगेच उचलतो आणि त्याची संहती १ मायक्रोमोल प्रति लिटरच्याही खाली राहते. हे किती थोडे, ते तिलाच मोजायला सांगा. हे चक्र जेथे चालते त्या तंतुकणिकेच्या (मायटोकॉन्ड्रियाच्या) आतल्या पोकळीचे आकारमान सोयीसाठी १ घन मायक्रोमीटर धरले आणि संहती पूर्ण १ मायक्रोमोल घेतली, तरी ॲव्होगाड्रो संख्येने गुणल्यावर आत जेमतेम ६०० रेणू निघतात. मॅलेटचे रेणू त्या मानाने शेकडो पट असतात. ६०० पैकी काही उचलले गेले की मॅलेटमधून तेवढे नवे तयार होतात, आणि विकर वेगवान असल्यामुळे ही भरपाई लगेच होते.